धनादेशानंतरचा वकील

22 जानेवारी 2025 रोजी पाचोरा तालुक्यात, माहेजी आणि परधाडे या स्थानकांच्या दरम्यान, पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची आवई उठली. साखळी ओढली गेली, माणसे जीव वाचवायला शेजारच्या रुळांवर उतरली आणि त्याच रुळांवरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. किमान 12 जण गेले. त्यांत पोटासाठी नेपाळहून आलेलेही होते. मुख्यमंत्री त्या वेळी दावोसला होते. तिथूनच वारसांना 5 लाखांची मदत जाहीर झाली. रेल्वेने दीड लाख जाहीर केले. दुसऱ्या दिवशी उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी अफवेचे मूळ एका चहावाल्यापर्यंत नेले. वारसांना पैसे, चहावाल्याला दोष. चोवीस तासांत हिशेब पुरा.

खानदेशात अशा मृत्यूनंतर दहावे व्हायच्या आत एक सल्ला दारात येतो: “पैसा भेटी गयात, आते कोर्टकचेरी कसाले?” सुशिक्षितांची आवृत्ती जरा भारदस्त असते. सरकारने मदत तातडीने द्यावी, दाव्यांनी फक्त वकिलांची घरे भरतात, आणि माणसाच्या जिवाची किंमत का करायची? यातला शेवटचा प्रश्न मोठा उदात्त वाटतो. तो विचारणाऱ्याच्या घरातले कुणी ट्रकखाली आले, की मात्र पहिला फोन विमा कंपनीलाच जातो.

आता त्या दीड लाखांकडे नीट पाहावे. रेल्वे मंडळाच्या सप्टेंबर 2023च्या दरांनुसार गाडीच्या अपघातातील मृत्यूला 5 लाख आणि ‘अनुचित घटने’तील मृत्यूला दीड लाख सानुग्रह मदत मिळते. जाहीर झालेला आकडा दुसऱ्या रकान्यातला. म्हणजे चौकशी व्हायच्या आधीच घटना कोणत्या खान्यात बसवायची, हे आकड्यानेच सांगून टाकले. शिवाय ही मदत म्हणजे भरपाई नव्हे. रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडून मृत्यूसाठी मिळू शकणारी रक्कम 1 जानेवारी 2017 पासून 8 लाख आहे आणि तिच्यातून सानुग्रह मदत वजा होत नाही. अर्थात रेल्वे म्हणू शकते की प्रवासी गाडीतून पडले नाहीत, आपणहून उतरले. त्यावर वकिलाला सर्वोच्च न्यायालयाचा रीना देवी निकाल (2018) पुढे करता येतो: स्वतःला इजा करून घेण्याचा हेतू नसेल, तर नुसता निष्काळजीपणा दाव्याच्या आड येत नाही. आगीच्या भीतीने उतरणाऱ्याचा हेतू कोणता, हा युक्तिवाद करण्याजोगा मुद्दा आहे. तिकीट सापडले नाही म्हणून दावा आपोआप बुडत नाही, हेही त्याच निकालात आहे. मात्र अर्जाची मुदत एक वर्षाची. उशीर झाला तर सबळ कारण द्यावे लागते. नेपाळमधल्या एखाद्या खेड्यात हे सगळे कोण जाऊन सांगणार?

जिवाची किंमत करू नये, हा विचार जुना आहे आणि त्याचे फळही जुने आहे. 1808 साली इंग्लंडमध्ये घोडागाडीच्या अपघातात एका माणसाची बायको मेली. लॉर्ड एलनबरो यांनी निकाल दिला की माणसाचा मृत्यू ही दिवाणी न्यायालयात दाद मागण्याजोगी हानीच नव्हे. माणूस जखमी झाला तर खर्च, मेला तर फुकट! रेल्वे आल्यावर हे परवडेना. 1846 साली तिथे कायदा बदलला आणि मुंबई–ठाणे गाडी सुटल्यानंतर दोनच वर्षांनी, 1855 साली, इथेही प्राणघातक अपघातांचा कायदा आला. त्यात नवरा, बायको, आईबाप आणि मुले एवढेच धरले होते. भावाला जागा नव्हती. मोटार अपघातात भावालाही दावा करता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाला 1987 साली, गुजरात एसटीच्या एका प्रकरणात, सांगावे लागले.

कायदा आहे, पण तो पोचतो कसा, याचे उत्तर किनगावजवळ शोधावे. फेब्रुवारी 2021 मध्ये यावल तालुक्यात धुळ्याकडून रावेरला पपई नेणारा ट्रक रात्री उलटला आणि मालावर बसलेले पंधरा-सोळा मजूर दगावले. बरेचसे रावेर तालुक्यातल्या आभोडा परिसरातले. पंतप्रधान निधीतून वारसांना 2 लाख जाहीर झाले. अशा अपघातात खरा पेच पुढे असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आशा राणी प्रकरणातील निकालानुसार (2002) मालवाहू गाडीत फुकट बसलेल्यांसाठी विमा कंपनी जबाबदार नसते. तोच माणूस गाडीमालकाचा मजूर ठरला, तर तेव्हाच्या मजूर भरपाई कायद्याच्या मर्यादेत विमा लागू होत असे. व्यापाऱ्याने लावलेला हमाल असेल, तर नवा वाद. म्हणजे मजुरी कुणी ठरवली, कुणी दिली, हे एक वाक्य खबरी जबाबात कसे उतरते त्यावर घराचे भवितव्य ठरते. आणि ते वाक्य लिहिले जाते तेव्हा घरातले दवाखान्यात असतात.

1994 नंतर मोटार अपघाताच्या दाव्यांना मुदतच नव्हती. 1 एप्रिल 2022 पासून सहा महिन्यांची मुदत पुन्हा आली. सर्वोच्च न्यायालयात तिला आव्हान दिले गेले आहे. 2025 पर्यंत या मुदतीने वर्षश्राद्धाच्या आधीच दावा बाद होई! कागदावर पोलिसांचा अपघात अहवाल हाच अर्ज मानता येतो. कागदावर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण स्त्रियांना उत्पन्न न पाहता, औद्योगिक कामगारांना आणि सामूहिक आपत्तीतल्या पीडितांना मोफत वकील देते. पण प्राधिकरण जिल्हा न्यायालयात बसते आणि अर्जाची वाट पाहते.

वाट न पाहणारा एकच असतो: टक्केवारीचा वकील. त्याचा माणूस शवविच्छेदन सुरू असतानाच बाहेर उभा असतो. त्याला गिधाड म्हणणे सोपे आहे, आणि काही जण त्या नावाला जागतातही: कोऱ्या वकीलपत्रावर अंगठा, लोकअदालतीत घाईची तडजोड, कारण आजचे 6 लाख त्याला पाच वर्षांनंतरच्या 12 लाखांहून गोड. पण त्याला हाकलले, तर आभोड्यात कोण जाईल? बार कौन्सिलच्या नियमांनी निकालावर अवलंबून फी घेणे निषिद्ध आहे. एका ज्येष्ठ वकिलाने वसुलीतला निम्मा वाटा ठरवला, ते सर्वोच्च न्यायालयाने 1954 साली गैरवर्तन ठरवले. त्याच निकालाने सांगितले की वकील नसलेल्याने असा करार केला तर तो बेकायदा नाही. म्हणजे सावकाराने खटल्यात पैसा घालून वाटा घ्यावा, वकिलाने घेऊ नये.

हे सोवळे ज्या इंग्लंडकडून आले, तिथे 2013 पासून शारीरिक इजेच्या दाव्यात वकिलाला भरपाईतून 25 टक्क्यांपर्यंत घेता येतात, तेही भविष्यातल्या आर्थिक नुकसानीची रक्कम वगळून. इथेही करार लेखी असावा, न्यायाधिकरणासमोर ठेवला जावा, टक्केवारीला कमाल मर्यादा असावी आणि पैसे थेट वारसाच्या खात्यात जावेत. प्राधिकरणाचा विधी स्वयंसेवक शवागाराबाहेर त्या दलालाच्या आधी पोचला, तर मर्यादा आपोआप खालीही येईल. याला विरोध होईल तो नीतिमत्तेच्या नावाने. तो करणाऱ्यांपैकी किती जण आजच 25 टक्क्यांहून जास्त घेतात, हे त्यांच्या अशिलांना विचारावे.