जोतीरावांकडे धाडलेली दोघे

नायगावच्या नेवसे पाटलांच्या सावित्रीचे लग्न १८४० साली झाले. ती नऊ वर्षांची, नवरा जोती फुले तेराचा. थोरांनी सोयरीक जुळवली आणि दोन पोरे बोहल्यावर उभी राहिली. एकमेकांवर जीव जडायचे ते वय नव्हे, आणि त्यांना कोणी विचारलेही नव्हते.

जीव जडला तो पुढे, अक्षरे गिरवताना. जोतीरावांनी बायकोला शिकवले, बायको मास्तरीण झाली. १८४९ साली वडील गोविंदरावांनी ‘शाळा सोडा, नाहीतर घर सोडा’ असे बजावले तेव्हा दोघांनी मिळून घर सोडले. जोतीरावांचे मित्र उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला. मूल होईना म्हणून दुसरे लग्न करण्याचा आग्रह झाला. जोतीरावांनी तो मानला नाही.

सावित्रीबाईंनी नवऱ्याला लिहिलेली तीन पत्रे आज वाचायला मिळतात. मायन्यात त्या जोतीरावांना ‘सत्यरूप’ म्हणतात, आणि पुढे सगळे कामाचेच बोलतात. तरीही ती मला प्रेमपत्रेच वाटतात, विशेषतः २९ ऑगस्ट १८६८ चे.

सावित्रीबाई तेव्हा माहेरी, नायगावला होत्या. गणेश नावाचा एक ब्राह्मण तरुण पंचांग सांगत गावोगाव फिरे. त्याचे आणि शारजा या महार मुलीचे प्रेम जमले. तिला सहावा महिना लागला तेव्हा गावात बोभाटा झाला. लोकांनी दोघांना धरले, मारत मारत गावातून फिरवले. आता त्यांचा जीवच घ्यायचा, असे ठरत आले होते. सावित्रीबाईंच्या कानावर गेले आणि त्या धावत तिथे पोचल्या. इंग्रज सरकार काय शिक्षा करील ते सांगून त्यांनी जमावाला धाक घातला. शेवटी ‘यांनी गाव सोडून जावे’ एवढ्यावर लोक आले. सावित्रीबाईंनी दोघांना पुण्याला धाडले, जोतीरावांकडे.

आपल्या मनाने कोणावर भुलणे जिच्या वाट्यालाच आले नाही, ती बाई सदतिसाव्या वर्षी दुसऱ्यांच्या भुलण्यासाठी खवळलेल्या जमावापुढे उभी राहिली. त्या पोरांना तिने मूर्ख ठरवले नाही. आणि नवऱ्याला आधी विचारलेही नाही! विचारायला सवड नव्हती, तशी गरजही नव्हती. पुण्याच्या त्या घरात १८६३ पासून बालहत्या प्रतिबंधक गृह चालत होते, अडलेल्या विधवांची बाळंतपणे होत होती. घरचा पाण्याचा हौद जोतीरावांनी अस्पृश्यांना खुला केला तोही १८६८ सालीच. दारात उभ्या राहिलेल्या दोघांना हा माणूस परत पाठवणार नाही, याबद्दल तिला शंकाच नव्हती. अठ्ठावीस वर्षांच्या संसारानंतर आपल्या माणसाची इतकी खात्री असणे, याहून मोठे प्रेम मला सांगता येत नाही. गणेश-शारजाच्या प्रेमात जिवावर उदार होण्याची धिटाई होती, पण त्याला जगायला जागा नव्हती. ती जागा या मुरलेल्या प्रेमापाशी होती.

१८८८ साली जोतीरावांना पक्षाघात झाला, उजवे अंग लुळे पडले. त्यांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहून पुरे केले. आजारपणाचे आणि तंगीचे ते दिवस सावित्रीबाईंनी निभावून नेले. नऊ वर्षांच्या मुलीला ज्याच्याशी नुसते बांधले होते, त्याच्यासाठी ती आता झिजत होती.

२८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले. दत्तक मुलगा यशवंत टिटवे धरायला निघाला तर भाऊबंद आडवे आले. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या, टिटवे आपल्या हाती घेतले आणि अंत्ययात्रेपुढे चालू लागल्या. पतीच्या चितेला अग्नीही त्यांनीच दिला. त्यानंतर जोतीरावांनी स्थापलेल्या सत्यशोधक समाजाचा भार त्यांनी उचलला, आणि १८९३ साली सासवडला समाजाची परिषद भरली तेव्हा अध्यक्षा त्याच होत्या.