ऋण

आमच्या तिरुनीलक्कुडीत नीलकंठेश्वराला तेलाचा अभिषेक होतो. हलाहलाचा दाह शमावा, ही त्यामागची श्रद्धा.

आम्ही तंजावुरी मराठी. धाकटी विचारते, "अप्पा, चिप्पिपारै कुत्रा आणायचा की कन्नी?" पहिला बहुधा एकरंगी, बदामी; दुसरा काळा, भुवयांवर तांबूस ठिपके. दोघांनाही सशामागे धावायला माणसानेच घडवलं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली पुढे शिकारीला बंदी आली. अंगातली धाव मात्र उरली. म्हणून प्रश्न रंगाचा नाही, धर्माचा आहे. ज्याने आपल्यासाठी झीज सोसली, त्याचा दाह आपणच शमवायचा. युधिष्ठिराने स्वर्गाच्या दारात कुत्र्याची जात विचारली नाही, सोबत ओळखली.

दोघांपैकी कोणताही आणा. पण रोज पहाटे त्याला मोकळ्या रानात पळवणार असाल, तरच.