पझलचा तुकडा कुणी निवडला?

२०२२ साली गुढीपाडवा २ एप्रिलला आला होता. कोरोनाचे निर्बंध राज्य सरकारने नेमके त्याच दिवसापासून उठवले आणि दोन वर्षे घरात कोंडलेला उत्साह एकदम रस्त्यावर उतरला. नववर्ष स्वागतयात्रेची प्रथा डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानने १९९९ मध्ये सुरू केली, पुढे ती ठाण्यासह राज्यभर गेली. त्यामुळे आपल्याकडे पाडवा म्हणजे लेझीम, ध्वज आणि ढोल-ताशा हे आता ठरूनच गेले आहे. पण २ एप्रिल ही तारीख संयुक्त राष्ट्रांनी ऑटिझमविषयीच्या जागृतीसाठी राखून ठेवली आहे. ठराव डिसेंबर २००७ मध्ये झाला आणि २००८ पासून तो दिवस जगभर पाळला जातो. अनेक ऑटिस्टिक माणसांना मोठा, अचानक येणारा आवाज नुसता त्रासदायक वाटत नाही, तो अंगाला लागतो. त्यांच्या नावाचा दिवस त्या वर्षी अशा रीतीने आपल्याकडच्या सर्वांत गजबजाटाच्या दिवसांत जमा झाला.

तो तिथी आणि तारखेचा योग होता, त्यात कुणाचा दोष नाही. मात्र इतर वर्षी हा दिवस कसा साजरा होतो, हे योगायोगाने ठरत नाही, ते आपण ठरवतो. निळे टी-शर्ट, निळे फुगे, एखादी रॅली, भाषणे, आणि फलकावर रंगीत पझलचा एक सुटा तुकडा. हेतू चांगलाच असतो. ही सारी धडपड करणारे शिक्षक, थेरपिस्ट आणि पालक किती थकूनही उभे राहतात, हे मी जवळून पाहतो. तरी एक प्रश्न मनातून जात नाही. तो तुकडा आणि तो निळा रंग ज्यांच्यासाठी आहे, त्यांना तो आवडतो का, असे आपण त्यांना कधी विचारले आहे?

तुकड्याचा इतिहास साठ वर्षांहून जुना आहे. १९६२ साली लंडनमध्ये काही पालकांनी एक संस्था काढली. आज ती नॅशनल ऑटिस्टिक सोसायटी म्हणून ओळखली जाते. १९६३ मध्ये तिच्या कार्यकारिणीतले एक पालक जेराल्ड गॅसन यांनी बोधचिन्ह सुचवले: पझलचा तुकडा आणि त्यात रडणारे मूल. आमच्या मुलांची अवस्था कोड्यात टाकणारी आहे, त्यामुळे ती इतरांत बसत नाहीत, आणि ती दुःखात आहेत, असा त्यामागचा विचार होता.

आज तो विचार खटकतो, पण त्या पालकांना झटकून टाकण्याआधी त्यांचा काळ समजून घ्यायला हवा. मूल असे होते ते आईच्या थंडपणामुळे, असे त्या काळी मोठमोठे तज्ज्ञ सांगत होते. ‘रेफ्रिजरेटर मदर’ हा शब्द तेव्हाचाच. ब्रूनो बेटलहाइम यांनी तर १९६७ साली या मताच्या समर्थनार्थ जाडजूड पुस्तक लिहिले आणि ते गाजलेही. डॉक्टरांच्या खोलीतून अपराधी होऊन बाहेर पडणाऱ्या आईला ‘हे कोडे आहे, उत्तर अजून कुणालाच सापडलेले नाही’ असे म्हणणारे चिन्ह केवढा आधार देत असेल! मला त्या तुकड्याबद्दल आदर वाटतो तो एवढ्याचसाठी. पालकांनी पालकांसाठी काढलेले ते चिन्ह होते.

पुढे ती मुले मोठी झाली. काही बोलू लागली, काही लिहू लागली, आणि त्यांनी स्वतःविषयी जे सांगितले ते तुकड्याशी जुळेना. १९९३ मध्ये टोरांटोच्या परिषदेत जिम सिंक्लेअर या ऑटिस्टिक कार्यकर्त्याने पालकांना उद्देशून मांडणी केली. तुम्ही ज्या मुलाची स्वप्ने पाहिलीत ते आले नाही, याचे दुःख तुम्हाला होणार, पण ते दुःख आमच्या अंगावर घालू नका, कारण आम्ही जिवंत तुमच्यासमोर उभे आहोत, असा तिचा आशय होता. तिथून पुढे चिन्हांवरचा आक्षेप वाढत गेला. पझल हे लहान मुलांचे खेळणे आहे आणि आम्ही चाळीस-पन्नाशीचे आहोत. सुटा तुकडा म्हणजे काहीतरी हरवलेले, आमच्यात काय हरवले आहे? कोडे म्हटले की सोडवणारा दुसरा कुणीतरी येतो आणि आम्ही टेबलावर पडून राहतो. ही त्यांची म्हणणी आहेत, आणि मला ती नीट पटतात.

निळ्या रंगाचेही तसेच. तो जगभर पसरवला तो २००५ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतल्या ‘ऑटिझम स्पीक्स’ या संस्थेने. २००९ मध्ये या संस्थेने एक चित्रफीत काढली. तिच्यात ऑटिझम हा घरे उद्ध्वस्त करणाऱ्या खलनायकासारखा बोलत होता. ऑटिस्टिक लोकांनी तीव्र निषेध केला आणि तेव्हापासून अनेकांना हा निळा रंग आपुलकीचा वाटेनासा झाला. ऑटिस्टिक बायकांची तक्रार आणखी वेगळी आहे. मुलींमधला ऑटिझम आधीच लक्षात येत नाही, त्यात रंगही मुलग्यांचा. ‘ऑटिझम स्पीक्स’ने २०१६ मध्ये आपल्या उद्दिष्टांतून ‘बरे करणे’ काढून टाकले, हेही इथे नोंदवायला हवे.

ऑटिस्टिक लोकांनी स्वतः पुढे आणले ते इंद्रधनुषी अनंतचिन्ह, गणितात आडव्या आठसारखे काढतात ते. १८ जून २००५ रोजी पहिला ऑटिस्टिक अभिमान दिन पाळला गेला आणि हे चिन्ह त्याच्याबरोबर रुजले. काहीजण ते सोनेरी रंगात काढतात, कारण सोन्याची रासायनिक संज्ञा आणि ऑटिझमची इंग्रजी आद्याक्षरे एकच आहेत. २०१८ मध्ये ‘ऑटिझम’ या संशोधन नियतकालिकात एक अभ्यास छापून आला. सामान्य लोकांच्या मनात पझलचा तुकडा अपूर्णता आणि विचित्रपणा यांच्याशी जोडला जातो, असे त्यात दिसले. त्या नियतकालिकाने स्वतःच्या मुखपृष्ठावरचा तुकडा काढून टाकला. अमेरिकेतल्या ऑटिझम सोसायटीने १९९९ मध्ये स्वीकारलेले पझलही २०२३ मध्ये सोडून दिले.

म्हणून उद्यापासून सगळ्यांनी अनंतचिन्ह लावावे, असे मी म्हणणार नाही. पझलवर माया असलेले ऑटिस्टिक लोकही आहेत, लहानपणापासून ते त्यांच्या दप्तरावर होते. कुणाला इंद्रधनुष्य भडक वाटते. कुणाला कोणतेच चिन्ह नको असते. आम्ही माणसे आहोत, आम्हाला बिल्ला कशाला, हा प्रश्नही रास्तच आहे.

पण बिल्ल्याशिवाय अडते तेही आपल्याच रुळांवर दिसते. समजा कल्याणहून ठाण्याला निघालेला पंचविशीतला ऑटिस्टिक तरुण आहे. सकाळची गर्दी त्याला सोसत नाही, म्हणून तो दिव्यांगांच्या राखीव डब्यात चढतो. डब्यावर व्हीलचेअरचे चित्र आहे. ते १९६८ मध्ये सुझान कोफोड या डॅनिश विद्यार्थिनीने काढले आणि जगाने स्वीकारले. ते इतके रुजले, की व्हीलचेअर, कुबडी किंवा पांढरी काठी दिसली नाही तर आपण माणसाला खोटा ठरवतो. ‘तुला काय झालंय? चांगला धडधाकट दिसतोस.’ विचारणाऱ्यालाही दोष देववत नाही, कारण धडधाकट माणसे त्या डब्यात घुसतात आणि रेल्वे पोलीस त्यांना पकडतातही. पण घाबरल्यावर त्या तरुणाचे शब्दच फुटत नाहीत. दिव्यांगत्वाचे सरकारी युडीआयडी कार्ड बॅगेत असते. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार त्या कार्डालाही दिव्यांगत्वाच्या टक्केवारीप्रमाणे रंग असतो: ४० टक्क्यांच्या आत पांढरा, ४० पासून ८० च्या आत पिवळा, ८० आणि त्यावर निळा. सरकारला सोयीचा असेल, पण डब्यात उभ्या असलेल्या त्या मुलाच्या मदतीला तो रंग कसा येणार? तेवढ्यात फलाटावर, अंधांना डबा सापडावा म्हणून लावलेल्या यंत्राचा बीप-बीप सुरूच असतो. एकाला वाट दाखवणारा आवाज दुसऱ्याच्या डोक्यात घण घालू शकतो. दोघांचाही हक्क खरा आहे, त्यामुळे उत्तर सोपे नाही.

२०१६ मध्ये लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर सूर्यफुलाचे चित्र असलेली हिरवी फीत सुरू झाली, आणि बेंगळुरूच्या विमानतळावरही ती मिळते. ज्याला आपली न दिसणारी अडचण कर्मचाऱ्यांना कळवायची आहे त्याने ती गळ्यात घालायची, नको वाटली तर काढून खिशात ठेवायची. मला या चिन्हातली ही मोकळीक मोलाची वाटते. धोका तिथेही आहेच. गर्दीत एकट्या मुलीने ती फीत घातली तर मदत करणाऱ्याबरोबर गैरफायदा घेणाऱ्यालाही ती दिसेल. म्हणून कधी घालायची हे तिनेच ठरवायला हवे, तिच्या शाळेने, क्लिनिकने किंवा रेल्वेने नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो कळकळीने घेतलेला असतो: ‘आमचं मूल बोलतच नाही हो, त्याला चिन्हाबद्दल काय विचारायचं?’ पण न बोलणारी कितीतरी मुले दिवसभर चिन्हांतूनच तर बोलतात! पाणी हवे तर पेल्याच्या चित्रावर बोट, बाहेर जायचे तर चपलेच्या चित्रावर, नको असेल तर फुलीवर. पवईच्या आयआयटीत तयार झालेले ‘जेलो’ हे अ‍ॅप मराठीतही चालते. चित्र दाबले की शब्द ऐकू येतो. कोणते चित्र स्पष्ट आहे, कोणते नकोसे, हे ही मुले आपल्याला रोज दाखवतात. एखादे कार्ड ती ढकलून देतात, एखादे छातीशी धरतात. चित्रांची भाषा आपल्याहून जास्त वापरणाऱ्याच मुलाला, त्याच्याच नावाने छापलेल्या फलकावरचे चित्र आपण दाखवून पाहत नाही. हे मला अन्यायाचे वाटते. उत्तर दर वेळी स्पष्ट मिळणार नाही, आणि आपल्या मनातलेच उत्तर त्याच्या तोंडी घालण्याचा मोह होईल. म्हणून थांबावे लागेल, दोनदा-तीनदा विचारावे लागेल.

भारताने अपंग व्यक्तींच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्य केला आणि २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारांमध्ये ऑटिझमचा स्पष्ट समावेश झाला. स्वतःची निवड स्वतः करण्याचे स्वातंत्र्य हे त्या कराराच्या पहिल्या तत्त्वांत आहे. निवड म्हणजे फक्त शिक्षण, लग्न आणि मालमत्ता नव्हे. आपली ओळख कोणत्या चित्राने व्हावी, ही निवडही त्यातच येते. ही निवड त्यांच्यावर सोपवली जावी, अशी अपेक्षा ठाण्याकडून धरायला कारण आहे. इथे महापालिका विशेष मुलांसाठी ‘जिद्द’ शाळा चालवते, १९९० पासून आयपीएचसारखी संस्था मनाच्या प्रश्नांवर उघडपणे बोलते, पालकांच्या संस्थाही इथे आहेत.

तेव्हा शाळांना, सोसायट्यांना, मंडळांना आणि रॅली काढणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. येत्या २ एप्रिलचा फलक छापायला देण्याआधी तुमच्या ओळखीच्या ऑटिस्टिक मोठ्या माणसांना आणि मुलांना बोलवा. पझल, अनंतचिन्ह, सूर्यफूल आणि एक कोरा कागद त्यांच्यासमोर ठेवा. पुरेसा वेळ द्या, आईवडिलांनाही थोडे मागे बसायला सांगा. बहुतेकांनी कोऱ्या कागदावर बोट ठेवले, तर फलकावर चित्र न घालता फक्त कार्यक्रमाची वेळ आणि जागा छापा, आणि त्या दिवशी लाऊडस्पीकर लावू नका.