दोन्हीकडचं सारखं करू?

पूर्वी घरात नवी वस्तू आली की तिला कुंकवाचं बोट लावायचं, पुढे साखर ठेवायची आणि वापरायला लागायचं. नव्या फोनचं तसं नाही. तोच आपली उलटतपासणी घेतो. भाषा कोणती, देश कोणता, बोटाचा ठसा द्या, परवलीचा शब्द सांगा. पूर्वी मुलगी बघायला आलेली मंडळीसुद्धा इतके प्रश्न विचारत नसत! तरी तिथपर्यंत ठीक. पण गाणी न् फोटो भरायची वेळ आली की तो असा एक प्रश्न टाकतो, की त्याला दुकानदार उपयोगाचा नाही. एखादा शास्त्रीबुवाच हवा.

२००७ साली आलेला पहिला आयफोन संगणकाला वायरीने जोडल्याशिवाय सुरूच होत नसे. बाळाची नाळ म्हणा ना! ती २०११ साली तुटली. पण संगणकातली गाणी वायरीने फोनमध्ये घ्यायची, तर त्याचं एकपत्नीव्रत रामासारखं कडक. एका वेळी एकाच संग्रहाशी नातं. दुसऱ्या संगणकाला जोडलात की विचारतो, आधीचं मिटवून इथलं भरू?

याला म्हणतात सिंक करणं. आपल्याला वाटतं, सिंक म्हणजे नक्कल. छे! नक्कल म्हणजे विरजण देणं. शेजारणीचं दही नासलं तरी आपलं शाबूत. सिंक म्हणजे बरोबरी. इकडे आहे ते तिकडे, आणि इकडे नाही ते तिकडेही नाही! फोटो आयक्लाउडवर ठेवलेत, की फोनमधला पुसलात तर संगणकातलाही जातो. त्यातल्या त्यात माया एवढीच, की पुसलेला फोटो ३० दिवस वेगळ्या कप्प्यात राहतो, मग कायमचा निरोप. माणसाला आपण १३ दिवस देतो, फोटोला ३०!

आता प्रश्न असा, की माणसामाणसांत असं सिंक असावं का? मोह पडतो खरा. नवऱ्याने विसरलेलं भांडण बायकोलाही आठवणार नाही. ‘तुमच्या आत्याने लग्नात माझ्या आईला काय ऐकवलं होतं’ हा वर्षानुवर्षं जपलेला ठेवा एका रात्रीत साफ! संसार किती सुखाचे होतील!

पण दुसरी बाजूही मांडून बघा. आपल्या आयुष्याची पहिली दोन-तीन वर्षं आपल्यापाशी नाहीतच. आपल्याकडून ती केव्हाच पुसली गेली. गोवर आला तेव्हा रात्रभर खांद्यावर कुणी फिरवलं, ते आईला ठाऊक. सिंक असतं तर तेही गेलं असतं. आणि तीच आई म्हातारपणी पोटच्या मुलाला विचारते, ‘आपण कोण?’ तेव्हा त्यानेही तिला विसरायचं का? तो रोज नव्याने आपलं नाव सांगतो. त्या घरात ते नातं एकाच बाजूला शिल्लक असतं, पण असतं. म्हणजे नाती टिकतात ती दोन्हीकडे सारखं असल्यामुळे नव्हे. एकाचं हरवलेलं दुसऱ्याने सांभाळल्यामुळे.

तेव्हा जे निव्वळ आपलं, ते खुशाल पुसावं. ज्यात दुसऱ्याचाही वाटा आहे, ते त्याच्यासाठी ठेवावं. क्षमा करणं आपल्या हातात असतं, पण दुसऱ्याला विसरायला लावण्याचा हक्क कुणी दिलाय आपल्याला?

फोनने विचारलं, तर गाण्यांपुरतं खुशाल ‘हो’ म्हणा. आत्याबाईंच्या त्या बोलण्याचं काय करायचं, ते मात्र बायकोला विचारून.