संधी कोठें आहे?

लोकमत म्हणून जें म्हणतात तें बहुधा दोन तराजू बाळगतें. एक सभेंत वापरण्याचा व दुसरा घरांत वापरण्याचा. हुशार तरुणांनीं परदेशीं जावें कीं स्वदेशांतच राहावें, हा प्रश्न निघाला म्हणजे या दोन तराजूंची ओळख चांगली पटते. सभेंत आपण म्हणतों कीं, देशाच्या पैशानें शिकलेले डॉक्टर व इंजिनियर देशाच्याच उपयोगीं पडले पाहिजेत. घरीं येऊन आपण आपल्या मुलास कोणत्या परदेशी विद्यापीठांत शिष्यवृत्ति मिळेल याची चौकशी करतों. दुसऱ्याच्या मुलानें त्याग करावा आणि आपल्या मुलानें उत्कर्ष साधावा, असा या लोकमताचा सरळ अर्थ होतो.

हें मत पूर्वापार चालत आलेलें आहे, असें मात्र नाहीं. १८८३ सालीं आनंदीबाई जोशी वैद्यकी शिकण्यासाठीं अमेरिकेस निघाल्या, तेव्हां समुद्र ओलांडणें हें सनातनी समाजांत पातक गणलें जाई. आणि जाण्यापूर्वीं त्यांना बंगालमधील सेरामपूर येथें जाहीर सभेंत आपल्या जाण्याचीं कारणें सांगावीं लागलीं. १८८६ सालीं पदवी घेऊन त्या परत आल्या. परत येणें हा त्यांच्या जाण्याचाच एक भाग होता. पुढें १९६५ सालीं अमेरिकेनें देशवार कोट्याचा जुना कायदा बदलला, आमच्या शिकलेल्या वर्गास ती वाट मोकळी झाली, आणि लोकमतानेंही कूस पालटली. पूर्वीं जाणारास खुलासा द्यावा लागे. आज राहणारास द्यावा लागतो.

येथें एक भेद केला पाहिजे. ज्याच्या घरीं चूल पेटण्याची भ्रांत आहे तो आखाती मुलुखांत मजुरीस गेला, तर त्यास नीतीचा पाठ देण्याचा अधिकार कोणासही नाहीं. २०२२ सालीं परदेशस्थ भारतीयांनीं मायदेशीं धाडलेली रक्कम १०० अब्ज डॉलर्सहून अधिक होती, आणि तींत अशा कष्टकऱ्यांच्या घामाचा वांटा मोठा आहे. आमचा प्रश्न ज्यांना निवड करतां येते त्यांच्यापुरता आहे. ते म्हणतात, "येथें संधी नाहीं." या वाक्याची परीक्षा केली पाहिजे.

तें सर्वस्वीं खोटें नाहीं. हरगोविंद खोराना हे विलायतेंत डॉक्टरेट मिळवून १९४९ सालीं मायदेशीं आले. त्यांना येथें नोकरी मिळाली नाहीं. ते परत गेले, आणि १९६८ सालीं नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. त्यांनीं देशास सोडलें असें म्हणण्यापूर्वीं देशानें त्यांना ठेवून घेतलें नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

परंतु याच्या शेजारीं दुसरी हकीकत ठेवून पाहावी. होमी भाभा १९३९ सालीं केंब्रिजहून रजेवर आले आणि युद्ध पेटल्यामुळें येथेंच राहिले. त्यांचें राहणें योगायोगाचें. पण १९४४ सालीं त्यांनीं टाटांच्या विश्वस्तनिधीस पत्र लिहून संशोधनसंस्थेची योजना मांडली, ती योगायोगाची नव्हे. १९४५ सालीं ती संस्था निघाली. १९७२ सालीं जयंत नारळीकर केंब्रिज सोडून आले ते याच संस्थेंत; आणि १९८८ सालीं पुण्यास विद्यापीठांतील अध्यापक-विद्यार्थ्यांसाठीं 'आयुका' ही संस्था निघाली, तिचे ते संस्थापक-संचालक झाले. एकाच्या राहण्यानें दुसऱ्यास येण्याजोगी जागा झाली, आणि दुसऱ्याच्या येण्यानें पुढच्या शेंकडों मुलांची सोय झाली.

तात्पर्य, संधी ही नकाशावर एखाद्या ठिकाणीं पडलेली वस्तु नव्हे. आधीं कोणीतरी तेथें श्रम केलेले असतात. अमेरिकेंत जी संधी आपल्या मुलास तयार सांपडते, तीही तेथील कोणाच्या तरी पूर्वजांनीं घडविलेली आहे. जगदीश भगवती यांनीं १९७० नंतरच्या दशकांत सुचविलें होतें कीं, परदेशीं गेलेल्या तज्ज्ञांच्या प्राप्तीवर कर बसवून तो मायदेशाच्या कामीं लावावा. ती सूचना अमलांत आली नाहीं. आली असती तरी पैशाचें ऋण तेवढें फिटलें असतें. जागा करून देण्याचें ऋण पैशानें फिटत नाहीं.

दुसऱ्यांस दोष देतांना स्वतःस वगळणें बरें नव्हे. आमच्या नात्यांतील एक तरुण चांगली नोकरी सोडून परदेशांतून परत आल्याचें कळलें, तेव्हां आमच्या मनांत पहिला विचार आला तो हा कीं, तेथें याचें काय बिनसलें असावें? तो काय करूं म्हणून आला आहे, हें विचारण्यास आम्हांस आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत आम्ही त्याची संधी थोडी लहानच केली. "येथें कांहीं होणार नाहीं" हें मत नुसतें परिस्थितीचें वर्णन करीत नाहीं. ती परिस्थिति टिकवून धरण्याचें कामही तें करतें.

म्हणून जाणारास अडवूं नये, आणि राहणारास हिणवूं नये. दोघांसही प्रश्न मात्र एकच विचारावा: तुला जी वाट सांपडली ती कोणीतरी केलेली होती, तूं कोणासाठीं करणार? आणि तो प्रश्न मुलांस विचारण्यापूर्वीं आईबापांनीं स्वतःस विचारलेला असावा.