प्रश्नपत्रिका कुणी काढायची?

2021च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारनं शाळांसाठी एक चित्रफीत प्रसिद्ध केली. विषय होता शरीरसंबंधातली संमती. चित्रफितीत एक मुलगी आणि एक मुलगा मिल्कशेक पीत उभे आहेत. ती त्याला आपला मिल्कशेक चाखायला सांगते आणि बघता बघता तो त्याच्या तोंडाला फासते. मग निवेदन सुरू होतं : दुसऱ्याची सीमारेषा ओलांडली की काय होतं वगैरे. ज्या गोष्टीबद्दल हे सगळं चाललं होतं तिचं नाव काही येत नाही. लाखो डॉलरच्या सरकारी प्रकल्पातली ही चित्रफीत देशभर चेष्टेचा विषय झाली आणि काही दिवसांतच संकेतस्थळावरून उतरवली गेली. मला त्यातल्या मूर्खपणापेक्षा त्यातली भीती जास्त बोलकी वाटते. कुठल्याशा समितीत सज्जन, सुशिक्षित माणसं बसली असतील, प्रत्येकानं एकेक शब्द खोडला असेल आणि शेवटी कागदावर फक्त दूध, साखर आणि आइस्क्रीम उरलं असेल.

चित्रफितीच्या दोनच महिने आधी त्याच देशात दुसरी एक गोष्ट घडली होती. शानेल काँटोस ही लंडनमध्ये शिकणारी, विशीतली सिडनीची मुलगी. तिनं इन्स्टाग्रामवर आपल्या ओळखीपाळखीच्यांना एक साधा प्रश्न टाकला : शाळेत असताना मुलांच्या शाळेतल्या कुणी तुमच्यावर किंवा तुमच्या मैत्रिणीवर लैंगिक अत्याचार केला होता का? चोवीस तासांत शेकडो जणींनी ‘हो’ म्हटलं. तिनं मग एक अर्ज लिहिला. त्यावर चाळीस हजारांहून जास्त सह्या झाल्या आणि हजारो मुलींनी स्वतःच्या हकिगती लिहून पाठवल्या. मागणी काय होती? शिक्षा वाढवा, ही नव्हती. मागणी अशी की संमती म्हणजे काय हे आम्हांला शाळेत लवकर शिकवा, कारण शिकवलं तेव्हा फार उशीर झालेला होता. काँटोस सांगते की दहावीच्या वर्षी या विषयावरचा तास झाला तेव्हा कुठे तिला, तेराव्या वर्षी आपल्याबाबतीत जे झालं होतं त्याचा अर्थ लागला. फेब्रुवारी 2022मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सर्व राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांनी एकमतानं हा विषय पहिल्या इयत्तेच्याही आधीपासून दहावीपर्यंत सक्तीचा केला. सरकारकडे पैसा होता, तज्ज्ञ होते. या मुलींकडे प्रश्न होता.

अर्थात या गोष्टीलाही दुसरी बाजू आहे. हा आवाज उठला तो सिडनीच्या श्रीमंत खासगी शाळांच्या वर्तुळातून. आदिवासी वस्तीतल्या मुलीनं हाच प्रश्न टाकला असता तर मंत्री इतक्या लवकर जागे झाले असते का, ही शंका मनातून जात नाही. आणि तरुणांना ‘सहभागी’ करून घेण्याच्या नावाखाली काय काय चालतं हेही आपण जाणतो. रॉजर हार्ट यांनी 1992 साली युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. त्यातल्या खालच्या तीन पायऱ्यांना त्यांनी सहभाग मानलंच नाही : मुलांना वापरून घेणं, शोभेला उभं करणं आणि नावापुरतं विचारणं. आपले बहुतेक बालदिन दुसऱ्या पायरीवर साजरे होतात.

आपल्याकडे संमतीची चर्चा नवी आहे असं कुणी म्हणालं तर त्याला मुंबई उच्च न्यायालयाचा रस्ता दाखवावा. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंनी नवऱ्याघरी नांदायला जायला नकार दिला. नवरा दादाजी भिकाजी यांनी 1884मध्ये दावा लावला. 1885मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूनं दिला, 1887मध्ये तो फिरला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुढे तडजोड झाली, त्या लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या, हे पाठ्यपुस्तकातून सर्वांना ठाऊक असतं. कमी सांगितलं जातं ते हे की 1885मध्ये ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावानं ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाहावर पत्रं लिहिणारी ही बाई तेव्हा अवघ्या विशीची होती. त्यानंतर संमतिवयाच्या विधेयकावरून महाराष्ट्रात जे रण पेटलं, त्यात टिळक होते, मलबारी होते, भांडारकर होते, शास्त्री-पंडित होते, वैद्य-डॉक्टरही होते. 1891मध्ये वय दहावरून बारा झालं. ज्यांच्या वयाची चर्चा चालली होती त्या मुलींपैकी एकीलाही त्या सभांमधून व्यासपीठ मिळालं नाही, आणि त्या काळात ते मिळणं शक्यही नव्हतं. पण सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर हे कारण चालणार नाही.

मराठीत लैंगिक शिक्षणाचं सर्वांत प्रामाणिक काम झालं ते एका अभ्यासक्रम समितीकडून नव्हे, एका हट्टी माणसाकडून. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1927 ते 1953 ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, जवळजवळ एकहाती आणि कायम तोट्यात. त्यात लेख असत, टवाळी असे, पण मासिकाचा प्राण होता वाचकांच्या प्रश्नांत. माणसं पत्रानं विचारत, कर्वे आडपडदा न ठेवता उत्तर देत. काय शिकवायचं हे ठरवत होती शिकणारी माणसं. आणि 1934 साली त्यांच्यावर जो खटला झाला तो नेमका या प्रश्नोत्तरांवरून. डॉ. आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले, तरी दंड भरावा लागलाच. म्हणजे विचारलेल्या प्रश्नाला सरळ उत्तर दिलं म्हणून शिक्षा होण्याची आपल्याकडे परंपरा आहे म्हणायची.

2007मध्ये ती पुन्हा दिसली. एड्स नियंत्रणाच्या निमित्तानं केंद्रानं आणलेला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम अनेक राज्यांनी नाकारला, त्यात महाराष्ट्र होता. विधिमंडळात चित्रांवरून गदारोळ झाला आणि शाळांमधून तो बंद झाला. खरं सांगायचं तर तो कार्यक्रमही मुलांना विचारून केलेला नव्हता. त्यात रोगाची भीती भरपूर होती, दोन माणसांमधल्या वागण्याबद्दल फारसं काही नव्हतं. एका मोठ्या माणसाची भीती दुसऱ्या मोठ्या माणसाच्या भीतीनं हरवली, एवढंच. आज दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रजननाचा धडा आहे. अनेक वर्गांत तो ‘घरी वाचून या’ या तीन शब्दांत शिकवून होतो. आणि वाचला तरी त्यात अंडाशय आहे, पुंबीजं आहेत, माणसं नाहीत.

मुलांचे प्रश्न कुठे असतात बघा. गावातलं कुठलंही कनिष्ठ महाविद्यालय घ्या. एका पोराला वर्गातली एक मुलगी आवडते. त्यानं तिच्याशी अजून एक वाक्यही बोललेलं नाही, पण त्याच्या गँगनं तिला ‘वहिनी’ म्हणायला सुरुवात केलेली असते. ती पाण्याच्या टाकीपाशी आली की मागून आवाज येतो, ‘वहिनी आल्या रे.’ आता दुसरा कुणी तिच्याशी बोलला तर त्याला दम मिळणार. हिनं हसून सोडून दिलं तर ‘हसली म्हणजे फसली’. चिडली तर ‘भाव खाते’. सरांकडे तक्रार केली तर घरी कळणार आणि घरी कळलं की तिचं कॉलेज बंद, पोराचं नव्हे. इथे कुणी कुणाला हात लावलेला नाही, कायद्याची कलमं शोधायला गेलात तर हाती लागणं कठीण. पण त्या मुलीच्या होकार-नकाराचा निकाल तिला न विचारता चार मित्रांनी टाकीपाशी लावून टाकलेला आहे. एकाही शासकीय पुस्तिकेत मला ही ‘वहिनी’ भेटलेली नाही. कारण पुस्तिका लिहिणारे त्या टाकीपाशी उभे नसतात. सोळा-सतरा वर्षांच्या कुठल्याही मुलीला ‘पहिला धडा कशावर असावा’ असं विचारलंत, तर ती तासाभरात असे दहा प्रसंग लिहून देईल : मेसेज वाचल्याची निळी खूण दिसूनही उत्तर आलं नाही तर ते काय समजायचं, एकदा फोटो पाठवला म्हणजे पुढचे पाठवणं बंधनकारक आहे का, ब्रेकअपनंतर ‘नस कापून घेईन’ म्हणणाऱ्याचं काय करायचं. आणि मुलगे विचारतील की नकार मिळाल्यावर मित्रांसमोर तोंड कसं दाखवायचं. माझ्या मते या शेवटच्या प्रश्नात अर्धा अभ्यासक्रम आहे.

तरुणांना विचारलं की शहाणपणच बाहेर पडेल, असा भाबडा समज मात्र नको. सिनेमांनी मागे लागण्याला प्रेम म्हणायला शिकवलेली ही पिढी आहे, जशी आपली होती. पण त्यावरही इलाज झालेला आहे, आणि तो मुंबईच्या वस्त्यांमध्येच झाला. ब्राझीलमधल्या एका कार्यक्रमावर बेतलेला ‘यारी-दोस्ती’ हा उपक्रम ‘कोरो’ आणि पॉप्युलेशन कौन्सिल या संस्थांनी दोन हजारच्या दशकात इथल्या तरुण मुलग्यांसोबत उभा केला. ब्राझीलचं पुस्तक सरळ भाषांतर करून वाटलं नाही. वस्तीतल्या पोरांनाच आधी अभ्यासक केलं. त्यांनी आपल्या दोस्तांना ‘असली मर्द’ म्हणजे कोण हे विचारत माहिती गोळा केली, त्यातून सत्रं घडली, आणि ती घ्यायलाही त्यांच्यातलेच पुढे आले. म्हणजे पूर्वग्रह असलेल्या पोरांना बाहेर बसवलं नाही, त्यांचे पूर्वग्रहच कच्चा माल म्हणून टेबलावर घेतले. मोठ्यांच्या उपदेशात आणि यात हाच फरक आहे. उपदेश पूर्वग्रहाला लपायला शिकवतो.

इथवर सगळं ठीक. अडचण पुढे आहे आणि ती खरी आहे. 2012च्या पॉक्सो कायद्यानं अठरा वर्षांखालच्या कुणाचीही संमती संमती मानलेली नाही. शिवाय गुन्हा घडल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं कलम 19नुसार प्रत्येकावर बंधनकारक, न कळवणाऱ्याला शिक्षा. बालकांवरच्या अत्याचारांच्या बाबतीत ही तरतूद हवीच. पण सतरा वर्षांच्या मुलीनं वर्गात विश्वासानं काही विचारलं तर बाईंच्या पोटात गोळा येतो : आता हे ऐकल्यावर माझं कर्तव्य काय? मग बाई ऐकतच नाहीत. यात जात मिसळली की काय होतं हे ‘सैराट’ पाहिलेल्या महाराष्ट्राला सांगायला नको; मुलीच्या मर्जीनं झालेलं पलायन तक्रारीच्या कागदावर अपहरण होऊन येतं. विधी आयोगानं 2023च्या अहवालात संमतीचं वय कमी करू नये असंच म्हटलं, सोळा ते अठरा वयातल्या प्रकरणांत न्यायाधीशांना थोडी मोकळीक सुचवली. वय किती असावं यावर दुमत असू शकतं, माझंही मत डळमळतं. पण ज्यांची संमती कायद्याच्या हिशेबी अस्तित्वातच नाही त्यांच्याशी संमतीबद्दल बोलायचं कसं, हा पेच शिक्षकाच्या एकट्याच्या डोक्यावर टाकून शासनाला मोकळं होता येणार नाही. निदान वर्गातल्या निनावी प्रश्नपेटीपुरतं शिक्षकाला लेखी अभय हवं.

एक वाट मला रखमाबाई आणि काँटोस या दोघींमध्ये दिसते. दोघी बोलल्या त्या विशीत, आणि बोलल्या त्या अकराव्या नि तेराव्या वर्षाबद्दल. घाव आठवतोय, पण घरच्यांच्या आणि शाळेच्या मुठीतून सुटका झालीय, असं हे वय असतं. अभ्यासक्रमाच्या टेबलाशी अठरा ते बावीस वयाच्या, शाळा नुकतीच सुटलेल्या मुलामुलींना बसवलं तर पॉक्सोचा पेच बराच सैल होतो. बालभारतीच्या पुस्तकांत सुरुवातीला विषय समितीची नावं छापलेली असतात. त्यात आणखी एक यादी हवी, मानधन देऊन बोलावलेल्यांची : आश्रमशाळेतून आलेली एक मुलगी, आयटीआयचा एक मुलगा, ऊसतोडीच्या फडावर बालपण गेलेली आणि लग्न टळल्यामुळे किंवा न टळल्यामुळे बोलण्यासारखं असलेली कुणी, ऐकू न येणारा एखादा, पुण्यामुंबईचे दोघे-तिघे पुरेत. त्यांनी मसुद्यावर शेवटी अभिप्राय द्यायचा नाही, पहिल्या दिवशी प्रश्न लिहायचे. उत्तरं डॉक्टर, वकील, शिक्षकांनी शोधावीत. चौदा वर्षांच्यांच्या निनावी चिठ्ठ्या त्यांच्यापर्यंत पोचवण्याची सोय वेगळी करावी लागेल. आणि घाईही करावी लागेल. पुस्तक छापून जिल्हा परिषदेच्या शाळेत पोचेपर्यंत आजची एकवीस वर्षांची मुलगी चोविशीत गेलेली असेल, तिच्या धाकट्या भावाच्या फोनमध्ये तिला न कळणारं काहीतरी आलेलं असेल; तेव्हा ही यादी दर दोन वर्षांनी नव्यानं करावी लागेल.