शुनःशेप: नकोशा नावाचा ऋषी



आजचं चिंतन ऐतरेय ब्राह्मणातल्या एका गोष्टीवर. अजीगर्त नावाचा भुकेने गांजलेला ब्राह्मण. त्याचे तीन मुलगे: शुनःपुच्छ, शुनःशेप, शुनोलांगूल. तिन्ही नावांचा अर्थ एकच, कुत्र्याचं शेपूट!

अशी नावं जगभर आहेत. मंगोलियात 'नेरगुई' म्हणजे 'नाव नसलेला'. आपल्याकडे दगडू, धोंडू, केरू. आधीची मुलं दगावली, आता या बाळाला तरी दृष्ट लागू नये, म्हणून ठेवलेली. नाव ओबडधोबड, पण त्यामागे आईबापाचा जीव अडकलेला. 'नकुशी'चं मात्र तसं नाही. तिथे मुलगीच नको असते. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभाने नवीन नावं मिळाली.

शुनःशेपाला हे नाव का ठेवलं, ते ग्रंथ सांगत नाही. पुढचं मात्र सांगतो. राजा हरिश्चंद्राने आपला मुलगा रोहित वरुणाला अर्पण करायचं कबूल केलं होतं. रोहिताला स्वतःच्या बदली कुणीतरी हवा होता. अजीगर्ताने थोरल्याला धरून ठेवलं, आईने धाकट्याला. मधला शुनःशेप शंभर गायींना विकला गेला. त्याला यज्ञाच्या खांबाला बांधायला कुणी तयार होईना, तेव्हा बापानेच आणखी शंभर गायी घेऊन बांधलं. मारण्यासाठी अजून शंभर घेतल्या आणि शस्त्राला धार लावत आला.

तेव्हा त्या पोराने देवांना हाक मारली. ऋचा म्हणता म्हणता पाश गळून पडले. मग तो जाऊन बसला विश्वामित्रांच्या मांडीवर. बाप परत मागायला आला, पण तो गेला नाही. विश्वामित्रांनी त्याला मुलगा मानलं. तो देवरात झाला, म्हणजे देवांनी दिलेला.

इथे जरा थांबा. पाश देवांनी सोडवले, पण मांडी माणसाने दिली. सुटलेल्या पोराला 'हा माझा' म्हणणारं कुणीतरी लागतंच.

आणि ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातली २४ ते ३० ही सूक्तं आजही शुनःशेप ऋषींच्याच नावावर आहेत. तेच जुनं नाव, आता आदराने घेतलं जातं.

आपल्या ग्रुपमध्येही कुणी 'काळ्या' असतो, कुणी 'जाड्या', कुणी 'ढ'. सगळे हसतात, तोही हसतो. आजची साधना एवढीच: त्याला त्याच्या खऱ्या नावाने, प्रेमाने हाक मारा. नामस्मरण तिथूनही सुरू होतं.

राम कृष्ण हरी! 🙏